गुडघ्याआड दडलेले हृदय

साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस फिजिओथेरपिस्टकडे येतो तो बहुधा गुडघा, कंबर, खांदा किंवा मोडलेल्या खुब्यासाठी. चिठ्ठीवर त्याच अवयवाचे नाव असते, एक्स-रे त्याचाच असतो आणि पुढची दहा-पंधरा सत्रेही त्याच्याच नावाने लागतात. हृदय आणि फुप्फुसे हे दुसऱ्या डॉक्टरांचे काम, अशी वाटणी रुग्णाने, त्याच्या मुलांनी आणि पुष्कळदा उपचार करणाऱ्यानेही मनातल्या मनात केलेली असते. वयस्कर शरीर ही वाटणी मानत नाही. गुडघ्यापायी ज्याचे चालणे वर्षानुवर्षे घटत गेले, त्याच्या हृदयावर तेवढी वर्षे ताणच आलेला नसतो. मग अरुंद झालेल्या रक्तवाहिनीने तक्रार करावी तरी केव्हा? जिना सुटतो, मंडई सुटते, देवळापर्यंतची फेरी सुटते आणि लक्षण उमटायला जेवढे श्रम लागतात तेवढे श्रमच दिनक्रमातून नाहीसे होतात. फिजिओथेरपी नेमके तेच श्रम परत आणते. त्यामुळे कित्येक वर्षांत पहिल्यांदा हृदयाची आणि फुप्फुसांची खरी परीक्षा होते ती व्यायामाच्या त्या खोलीत. तपासणीचा विचार इथून सुरू करायला हवा. पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला आणि प्रश्न मिटला, असे होत नाही. रुग्ण बसलेला असताना, श्रम करताना आणि श्रमानंतर सावरताना, अशा तिन्ही वेळी त्याच्याकडे पाहावे लागते, आणि तेही व्यायाम बंद पाडण्यासाठी नव्हे, तो निर्धास्तपणे पुढे नेता यावा म्हणून.

याला आधार भरपूर आहे, फक्त तो वेगवेगळ्या शाखांच्या नियतकालिकांत विखुरला आहे. नैऋत्य इंग्लंडमधील गुडघा व खुब्याच्या झिजेच्या १,१६३ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. या रुग्णांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकसंख्येच्या दीडपटीहून थोडा अधिक निघाला, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंत ही तफावत आणखी वाढली, आणि ज्यांचे चालणे जास्त अडले होते त्यांना धोका जास्त होता. म्हणजे आपल्याकडे गुडघ्यासाठी येणारा वृद्ध हा हृदयविकाराच्या दृष्टीने सरासरी वृद्ध नसतोच. त्यात वेदनाशामक गोळ्यांची भर पडते. डायक्लोफेनॅकसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असते, कधी चिठ्ठीवर, कधी मेडिकलवाल्याला विचारून. या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात आणि रक्तदाबाच्या औषधांचा प्रभाव कमी करतात. अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका अशा गोळ्यांमुळे साधारण दुप्पट दिसला. रुग्णाच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडून पाहणे हा म्हणूनच या तपासणीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

श्रमांचा धोका नेमका कुणाला, याचे उत्तर १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका अभ्यासाने दिले. हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना झटक्यापूर्वीच्या तासाभरात काय करत होतात, असे विचारले गेले. जड श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे ६ पट होता. पण या सरासरीच्या पोटात खरी गोष्ट आहे: आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो केवळ २.४ पट होता, तर ज्यांना श्रमांची सवयच नव्हती त्यांच्यात १०७ पट. हा आकडा वाचून घाबरून जायचे कारण नाही. एखाद्या तासात झटका येण्याची मूळ शक्यता अगदी थोडी असते, आणि थोड्याची शंभर पटही माफकच राहते. शिवाय त्या अभ्यासातले जड श्रम म्हणजे धावणे, बर्फ उपसणे अशा पातळीचे होते. खुर्चीतून दहा वेळा उठणे त्यात बसत नाही. तरीही पंच्याहत्तरीच्या, तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या बाईंना तेच दहा वेळा उठणे त्यांच्या कुवतीच्या टोकाशी नेते. श्रम जड की हलके हे करणाऱ्याच्या ताकदीवर ठरते. ती ताकद मोजल्याशिवाय व्यायामाची मात्रा ठरवणे म्हणजे अंदाजपंचे कारभार.

आता लक्षणांकडे पाहू, कारण बहुतेक ठिकाणी सगळी भिस्त लक्षणांवर असते. “छातीत दुखतं का?” असे विचारायचे, “नाही” म्हटले की पुढे जायचे. वृद्धांच्या बाबतीत हे उत्तर फारसे कामाचे नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात झालेल्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक झटके त्या वेळी कुणाला कळलेच नव्हते. ठरावीक मुदतीने काढलेल्या ईसीजीत ते नंतर सापडले. २००० मध्ये अमेरिकेतील सव्वाचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा झटका येऊन रुग्णालयात पोचलेल्या दर तिघांपैकी एकाच्या छातीत दुखलेलेच नव्हते. हे रुग्ण तुलनेने वयस्कर होते, त्यांत स्त्रिया आणि मधुमेही अधिक होते, आणि रुग्णालयातील त्यांचा मृत्युदर २३ टक्के होता, छातीत दुखलेल्यांचा ९ टक्के. आपल्याकडचा रुग्ण तर छातीतल्या दडपणाला गॅस म्हणतो, दम लागण्याला वय म्हणतो, घाम फुटण्याला पित्त म्हणतो. त्यामुळे प्रश्न अवयवाचा न विचारता कामाचा विचारावा. गेल्या दिवाळीला जे सहज करत होतात त्यातले आता काय जमत नाही? पहिला मजला चढताना मध्ये थांबावे लागते का, आणि थांबता ते गुडघ्यासाठी की श्वासासाठी? रात्री उशाला किती उशा लागतात? झोपेतून दम लागून उठून बसावे लागते का? चपला संध्याकाळी घट्ट होतात का? आठ-दहा दिवसांत वजन एकदम वाढले का? आजोबा “काही नाही” म्हणत असतील तर बाजूला बसलेल्या आजींकडे पाहावे. घरातले माणूस बदल आधी टिपते. या पाच मिनिटांच्या बोलण्यातून जेवढे हाती लागते तेवढे पुष्कळदा महागड्या यंत्रातूनही लागत नाही.

फुप्फुसांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतील श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार, म्हटले की विडी-सिगारेट ओढणारा पुरुष डोळ्यासमोर येतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा आढावा घेतला, तेव्हा जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा-शेणकुटांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, हे प्रमाण समोर आले. आज सत्तरीत असलेल्या आणि गावात आयुष्य काढलेल्या बाईने तरुणपणाची वीस-तीस वर्षे चुलीपुढे घालवलेली असतात. तिला “सिगारेट ओढता का?” विचारून काय उपयोग? “स्वयंपाक कशावर करत होतात, गॅस घरात कधी आला?” हे विचारायला हवे. दुसरी अडचण ऑक्सिमीटरची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेने घरी राहणाऱ्या रुग्णांना सहा मिनिटे चालून प्राणवायू मोजायला सांगितले, तेव्हा सामान्य माणसाला एक मोलाची गोष्ट कळली होती: बसल्या जागी ९६ दाखवणारे बोट चालल्यावर ९० दाखवू शकते. लाट ओसरली तसा हा धडाही मागे पडला. आजही ऑक्सिमीटर बोटाला लागतो तो रुग्ण खुर्चीत बसलेला असताना. गार पडलेली बोटे, नखांवरचे गडद रंग यांनी आकडा फसवतो. त्वचेच्या वर्णानेही फसवतो: २०२० मधील अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील प्राणवायूची लपलेली कमतरता या उपकरणाच्या नजरेतून गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटली. म्हणून श्वासाची गती मोजणे सोडता येत नाही. नाडी पाहतोय असे भासवत हात धरून ठेवायचा आणि पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजायची. रुग्णाला सांगितले की तो श्वास बदलतो. मिनिटाला २० च्या वर गेलेली गती बिघाडाची चाहूल इतर आकड्यांच्या आधी देते, आणि तिला खर्च शून्य.

सर्वांत कौशल्याची जागा मात्र तिथे आहे जिथे हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार हाडा-स्नायूंच्या दुखण्याचा वेश घेऊन येतो. चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबावे लागते, ही तक्रार रोजची. कमरेच्या मणक्यांतील नळी अरुंद झाली तरी असेच होते आणि पायाची धमनी अरुंद झाली तरी असेच. फरक थांबल्यावर कळतो. धमनीचे दुखणे नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत ओसरते. मणक्याचे दुखणे बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय जात नाही. मणक्याचा रुग्ण वाकून सायकल बराच वेळ चालवतो, धमनीच्या रुग्णाला ती सायकलही दमवते. मग पावलावरची नाडी बोटांनी शोधायची, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढायचे, ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे. असा अडथळा असलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्याही शंकास्पद समजाव्यात, कारण कारणे तीच असतात. खांद्याचेही तसेच. डावा खांदा हलवल्याने दुखत नाही, दाबल्याने दुखत नाही, पण जिना चढला की दुखतो, तर तो खांदा नाही. सांधेरोपणानंतर पोटरी दुखते तेव्हा ती व्यायामाने आखडली की तिच्यात रक्ताची गुठळी आहे? पाय झटक्याने वर वाकवून पाहण्याच्या जुन्या चाचणीवर विसंबण्याचे दिवस गेले. नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. ३ सेंटीमीटरहून जास्त फरक, अलीकडची शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, कर्करोग, पूर्वीची गुठळी यांना गुण देणारी डॉ. फिलिप वेल्स यांची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. गुण जास्त आले तर मसाज नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉप्लर. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर वेळ उरत नाही.

इतके सगळे ठाऊक असताना प्रत्यक्षात काय होते? अमेरिकेतील बाह्यरुग्ण फिजिओथेरपिस्टांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रत्येक नव्या रुग्णाचा रक्तदाब आणि नाडी पाहणारे सुमारे १५ टक्केच होते, आणि निम्म्याहून अधिक जण मान्य करत होते की आपल्याकडच्या किमान अर्ध्या रुग्णांना हृदयविकार आहे किंवा त्याचा धोका आहे. न मोजण्याची मुख्य कारणे दोन: त्याचे महत्त्व वाटत नाही आणि वेळ नाही. दुसरे कारण समजू शकते, पहिले खटकते. त्याची मुळे या व्यवसायाच्या जडणघडणीत असावीत, असे मला वाटते. आपल्याकडे हे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाले ते पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. समोरचा रुग्ण लहान मूल होते. पाय लुळा, पण हृदय ठणठणीत. आज त्याच व्यवसायाकडे येणारा रुग्ण पाय धड असून हृदयाने थकलेला असू शकतो. अभ्यासक्रमात हृदय-श्वसन फिजिओथेरपी हा स्वतंत्र विषय झाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे ते ज्ञान अतिदक्षता विभागाच्या दाराशी थांबले आणि गल्लीतल्या क्लिनिकमध्ये गुडघ्याच्या रुग्णाजवळ पोचले नाही.

मोजायचे तर नीट मोजावे. रिक्षातून उतरून जिना चढून आलेल्या रुग्णाला लगेच रक्तदाबाचा पट्टा बांधला तर आकडा जिन्याचा येतो. पाच मिनिटे बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलणे बंद. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा. नंतर उभे करून तीन मिनिटांत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर घरात रात्री पडण्याचे कारण तुमच्या हातात आले, आणि कदाचित तोल साधण्याच्या व्यायामाआधी गोळ्यांची मात्रा पाहण्याची गरज आहे. नाडी यंत्रावर वाचण्याऐवजी बोटांनी मिनिटभर पाहावी. इंग्लंडमध्ये ६५ च्या वरच्या जवळपास १५ हजार लोकांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एरवीच्या कामासाठी डॉक्टरांकडे आलेल्यांची नाडी पाहायची आणि ती अनियमित लागली तरच ईसीजी काढायचा, या साध्या रीतीने नवे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) सापडण्याचे प्रमाण वर्षाला १.०४ टक्क्यावरून सुमारे १.६ टक्क्यांवर गेले. सगळ्यांना बोलावून ईसीजी काढल्याने त्याहून जास्त काही साधले नाही. हा विकार पक्षाघाताचा धोका मोठ्या प्रमाणात वाढवतो आणि औषधाने तो धोका बराच टळतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी मात्र श्रमांनी फारशी वाढत नाही. तिथे बोर्ग यांच्या मोजपट्टीवर किती दमलात ते विचारावे किंवा व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे. मांडीचा स्नायू आवळून धरण्याच्या व्यायामात रुग्ण नकळत श्वास रोखतो आणि रक्तदाब उसळतो. त्याला आकडे मोठ्याने मोजायला लावले की श्वास रोखताच येत नाही. श्रम वाढत असताना वरचा रक्तदाब वाढण्याऐवजी खाली आला, तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवावा, मग रुग्ण कितीही “बरं वाटतंय” म्हणो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तपासण्यांच्या शास्त्रातूनच येतो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये घालून दिलेले निकष सांगतात की ज्या तपासणीने हिताचे काही निष्पन्न होत नाही ती निरोगी माणसावर लादू नये. लक्षणे नसलेल्या, कमी धोक्याच्या प्रौढांचा सरसकट ईसीजी काढू नये आणि लक्षणे नसलेल्यांत सीओपीडी शोधत बसू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाचेही मत आहे. फाजील सावधगिरीचे उदाहरणही समोर आहे. व्यायामापूर्वीची जुनी प्रश्नावली अमेरिकेतील चाळिशीपुढच्या लोकांच्या आकडेवारीला लावून पाहिली तर ९० टक्क्यांहून अधिक लोकांना आधी डॉक्टरकडे जा असे सांगावे लागले असते, असे २०१४ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने निकष बदलले: धोक्याच्या घटकांची बेरीज सोडून सध्याची हालचाल किती, आजार किंवा लक्षणे आहेत का आणि व्यायाम किती जोराचा, या तीन गोष्टींवर निर्णय ठेवला. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक आजोबांना व्यायामाआधी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून आणायला सांगणे मी चूक मानतो. पण निरोगी माणसाला घरून बोलावून आजार शोधणे वेगळे आणि ज्याला आपण स्वतः श्रमाला लावणार आहोत त्याची कुवत पाहणे वेगळे. दुसरी गोष्ट उपचाराचाच भाग आहे. फिजिओथेरपिस्टांनी रक्तदाब मोजल्याने इतके जीव वाचले, असा थेट पुरावा नाही, हेही खरे. आहेत ती रुग्णवृत्ते आणि पाहण्या. मात्र मागणी आहे ती काही मिनिटांची आणि एका पट्ट्याची, आणि एवढ्या किमतीला एवढा पुरावा पुरेसा आहे.

दुसरी भीती अशी की आकडे पाहिले की व्यायाम थांबेल. ती निराधार नाही. १६० चा आकडा दिसताच रुग्णाला घरी पाठवणारे आहेत. हे नुकसानकारक आहे. अमेरिकेतील लाइफ चाचणीत ७० ते ८९ वयाच्या, बैठ्या जीवनाच्या १,६३५ लोकांना सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ शिस्तशीर व्यायाम दिला किंवा नुसते आरोग्याचे धडे दिले. चालण्याची गंभीर अक्षमता व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्क्यांना आली, दुसऱ्या गटात ३५.५ टक्क्यांना. हृदय निकामी होऊन नुकत्याच दाखल झालेल्या ३४९ वृद्धांना रुग्णालयापासूनच बेताबेताने व्यायाम देणाऱ्या २०२१ च्या चाचणीत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, पण उठणे, चालणे, तोल सांभाळणे स्पष्ट सुधारले. म्हणजे आजारी हृदयालाही व्यायाम हवाच. मात्रा आणि नजर मात्र हवी. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावा. तरीही तोच असेल तर त्या दिवशी जोराचा व्यायाम टाळून डॉक्टरांना कळवावे. सोबत छातीत दडपण, दम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बोलण्यात अडखळ असेल तर थेट रुग्णालय. १६० ला सौम्य व्यायाम चालू ठेवता येतो, आणि तोच आकडा तीन भेटींत लिहून डॉक्टरांकडे पाठवता येतो.

राहिला प्रश्न अधिकाराचा. हे फिजिओथेरपिस्टचे काम नाही, असे म्हणणारे डॉक्टरांतही आहेत आणि फिजिओथेरपिस्टांतही. रोगनिदान आणि औषध हे त्याचे काम नाही, इथपर्यंत ठीक. पण २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने फिजिओथेरपिस्टच्या व्याख्येतच सर्वांगीण तपासणी धरली आहे आणि स्वतंत्रपणे काम करण्याची मुभाही दिली आहे; मुभा घ्यायची आणि तपासणी दुसऱ्यावर ढकलायची, हे जमणारे नाही. शिवाय अस्थिरोगतज्ज्ञ रुग्णाला महिन्यातून एकदा दहा मिनिटे पाहतात, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा पाऊण तास, तेही श्रम करताना. घरी जाऊन उपचार करणाऱ्यांवर ही जबाबदारी सर्वांत जास्त आहे, कारण तिथे शेजारी नर्स नसते, चौथ्या मजल्याला लिफ्ट नसते आणि रुग्ण बहुधा सर्वांत अशक्त असतो. पिशवीत पट्टा, ऑक्सिमीटर आणि टेप असावा. फॅमिली डॉक्टरांचा आणि १०८ चा नंबर घरातल्यांना आधीच देऊन ठेवावा. डॉक्टरांना लिहायची चिठ्ठीही नीट असावी. “बीपी जास्त, कृपया तपासावे” एवढ्याने काही कळत नाही. बसून किती, उभे राहून किती, किती पावलांनंतर किती, सावरायला किती मिनिटे लागली, प्राणवायू कुठपर्यंत उतरला, नाडी नियमित की नाही आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे चार ओळींत तारखेसह लिहून दिले तर फिजिशियनला त्याच्या खोलीत कधीच पाहायला न मिळणारी माहिती हातात येते, आणि उलट टपाली व्यायामाची मर्यादाही लेखी मिळते.